ड्रॉवरमधली बार्ड आउल: एकाच घुबडाचे इतके नमुने कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या आतल्या खोलीतला फोटो पाहिला आहे. उघडलेला ड्रॉवर, त्यात ओळीनं उताणी ठेवलेली घुबडं, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. ही सगळी बार्ड आउल या एकाच जातीची. विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: एक नर, एक मादी, फार तर एक पिल्लू ठेवा, इतकी कशाला? आणि ही मारून आणली असतील, तर त्याला विज्ञान कसं म्हणायचं?

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी अमेरिकेत बरीच वर्षं हेच काम करते आहे: पक्ष्यांची कातडी तयार करायची, नोंदी लिहायच्या, ड्रॉवर सांभाळायचे. तेव्हा मी संग्रहाच्या बाजूची आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

आधी पक्ष्याची ओळख. बार्ड आउलचं शास्त्रीय नाव स्ट्रिक्स व्हेरिया. आपल्याकडे जुन्या आमराईत, चिंचेच्या झाडांवर दिसणारं मॉटल्ड वुड आउल त्याच वंशातलं. गोल डोकं, कानांजवळ पिसांचे तुरे नाहीत, डोळे पिवळे नसून गडद तपकिरी, गळ्याखाली आडव्या पट्ट्या आणि पोटावर उभ्या. वजन साधारण अर्ध्या किलोपासून एक किलोपर्यंत, मादी नरापेक्षा चांगलीच जड. ओरडणं असं की अमेरिकन लोकांना त्यात ‘हू कुक्स फॉर यू’ ऐकू येतं.

हा पक्षी मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातला. विसाव्या शतकात तो पश्चिमेकडे सरकत गेला. १९४०च्या दशकात कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात दिसला, १९६०च्या दशकात वॉशिंग्टन राज्यात, १९७०च्या दशकात ऑरेगनमध्ये, आणि मग कॅलिफोर्नियात. मधली गवताळ मैदानं त्यानं ओलांडली कशी? वस्ती करायला आलेल्या लोकांनी तिथं झाडं लावली, वणवे दाबले, त्यामुळे वाट तयार झाली असं बरेच जण मानतात. हे किती माणसामुळे आणि किती आपसूक, यावर अजून वाद आहे, आणि तो वाद नुसता पुस्तकी नाही. पक्षी माणसामुळे आला असेल तर त्याला हटवणं माणसाचं काम ठरतं, आपसूक आला असेल तर मामला कठीण होतो.

कारण पश्चिमेच्या जुन्या जंगलांत त्याचा चुलतभाऊ आधीपासून राहतो: नॉर्दर्न स्पॉटेड आउल. (हा आपला घराच्या वळचणीचा पिंगळा नव्हे, तो वेगळा.) १९९० साली अमेरिकेनं त्याला धोक्यातला पक्षी म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं आणि लाकूडतोडीवरून मोठा वाद पेटला. जंगल थोडंफार वाचलं, पण तोवर बार्ड आउल येऊन बसलं होतं. ते अंगानं मोठं, भांडखोर, आणि खाण्यात अजिबात चोखंदळ नाही. स्पॉटेड आउलचं पोट मुख्यतः उडत्या खारी आणि रानउंदरांवर चालतं. बार्ड आउलला बेडूक चालतो, झिंग्यासारखा क्रेफिश चालतो, गांडूळसुद्धा चालतं. त्यामुळे त्याला इलाखा लहान पुरतो, आणि जिथं स्पॉटेड आउलची एक जोडी मावायची तिथं याच्या कितीतरी जोड्या राहतात.

आता नमुने येतात कुठून ते सांगते.

पूर्वेकडच्या म्युझियममधली बार्ड आउल बहुतेक अपघाती. रस्त्याच्या कडेला उंदीर धरायला झेपावलेलं आणि गाडीखाली आलेलं, काचेवर आपटलेलं, पक्ष्यांच्या दवाखान्यात उपचार चालू असताना मेलेलं. त्यांना हात लावायलासुद्धा परवाना लागतो. १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या पक्षी-संरक्षण कायद्याखाली नुसतं पडलेलं पीस घरी ठेवणंही बेकायदा आहे. आमच्या फ्रीझरमध्ये अशी पाकिटं वर्षभर येत राहतात, आणि घुबडांची आवक हिवाळ्यात वाढते.

पश्चिमेकडची गोष्ट वेगळी. तिथली बरीचशी खरंच मारलेली आहेत, पण म्युझियमसाठी नाही. २००९ पासून उत्तर कॅलिफोर्नियात ग्रीन डायमंड नावाच्या लाकूड कंपनीच्या जमिनीवर लोवेल डिलर या जीवशास्त्रज्ञानं परवानगी घेऊन एक प्रयोग केला: काही भागांतली बार्ड आउल हटवायची, काही भागांत तशीच ठेवायची, आणि स्पॉटेड आउलचं काय होतं ते पाहायचं. हटवायची म्हणजे आवाज लावून जवळ बोलवायची आणि शॉटगननं मारायची. पुढं केंद्र सरकारच्या संस्थांनी हाच प्रयोग वाढवला. तीन राज्यांतल्या पाच ठिकाणांचा एकत्र निकाल २०२१ साली आला. एकूण २,४८५ बार्ड आउल हटवली गेली होती. जिथं हटवली तिथं स्पॉटेड आउलची घट वर्षाला ०.२ टक्क्यांवर थांबली, जिथं हटवली नाहीत तिथं ती वर्षाला १२.१ टक्के चालूच राहिली. त्या आकड्यांच्या जोरावर २०२४ साली अमेरिकी सरकारनं मोठी योजना मंजूर केली: ३० वर्षांत जास्तीत जास्त साडेचार लाखांच्या आसपास बार्ड आउल. प्राणिहक्क संघटनांनी त्यावर कडाडून टीका केली आहे आणि ती टीका मला पोकळ वाटत नाही.

म्युझियमचा संबंध इथं येतो. मारलेल्या पक्ष्याचं करायचं काय? जंगलातच पुरता येतो. पण ग्रीन डायमंडच्या प्रयोगातले पक्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया ॲकॅडमी ऑफ सायन्सेसकडे गेले, आणि तिथल्या लोकांनी प्रत्येक पक्ष्याचं कातडं, हाडं, यकृताचा आणि स्नायूंचा तुकडा जपून ठेवला. ठिकाण आणि तारखेसकट.

त्या यकृतांतून जे निघालं त्याची सुरुवातीला कुणाला फारशी कल्पना नव्हती. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वायव्य कॅलिफोर्नियातल्या ८४ बार्ड आउलची यकृतं तपासली. ३४ मध्ये उंदरांचं विष सापडलं, रक्त गोठू न देणारं, ब्रोडिफॅकूमसारखं. म्हणजे ४० टक्के. ही घुबडं शहरातली नव्हती. जवळपास वस्ती नसलेल्या जंगलातली होती. तिथं उंदरांना विष कोण घालणार? संशय गेला जंगलात लपून केलेल्या गांजाच्या बेकायदा शेतीकडे. रोपं कुरतडू नयेत म्हणून विष टाकायचं, उंदीर ते खातो, घुबड उंदराला खातं. त्याच अभ्यासात मेलेली सापडलेली स्पॉटेड आउलही होती, पण जेमतेम दहा, आणि त्यांतल्या सात पक्ष्यांमध्ये विष होतं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. स्पॉटेड आउलला विषाचा त्रास आहे का हे जाणून घ्यायला स्पॉटेड आउल मारता येत नाही, कायदाही तसं करू देणार नाही आणि करूही नये. दहा पक्ष्यांवरून काही ठामपणे सांगणं अवघड. त्याच जंगलात राहणाऱ्या, तेच उंदीर खाणाऱ्या भरपूर असलेल्या पक्ष्याची ८४ यकृतं मात्र त्या जंगलाबद्दल बोलू शकतात. एक नर आणि एक मादी ठेवली असती तर हे कळलं नसतं. २०२१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातली लोकांची लाडकी ‘बॅरी’ नावाची बार्ड आउल देखभालीच्या गाडीला धडकून मेली, तिच्या शरीरातही उंदरांचं विष धोकादायक प्रमाणात निघालं. ती बातमी मोठी झाली कारण तिला नाव होतं. ड्रॉवरमधल्यांना फक्त नंबर असतात.

आता कातडं कसं तयार होतं ते थोडं जवळून, म्हणजे ‘पेंढा भरून ठेवलेले पक्षी’ ही कल्पना जरा बदलेल.

पाकिटातून घुबड काढलं की आधी वजन. मग पंख, शेपूट, घोटा, चोच मोजायची. छातीच्या हाडापासून खाली सरळ छेद घ्यायचा आणि कातडं शरीरापासून बोटांनी सोडवत जायचं. घुबडाचं कातडं ओल्या टिश्यू पेपरसारखं, जरा जोर लागला की फाटतं, म्हणून ओलावा टिपायला सारखं मक्याचं पीठ भुरभुरावं लागतं. आतलं शरीर पाहून नवा माणूस दर वेळी थबकतो, कारण एवढं थोरलं दिसणारं घुबड पिसं बाजूला केल्यावर मुठीत मावेल की काय असं वाटतं. गुडघे आणि शेपटीचं मूळ कापून कातडं मोज्यासारखं उलटं करत डोक्याकडे न्यायचं. कानांपाशी हात हळू करायचा, तिथलं कातडं कवटीच्या आत खोल गेलेलं असतं. मग डोळे. घुबडाचा डोळा गोळा नसतो, नळीसारखा असतो आणि भोवती हाडाच्या चकत्यांचं कडं असतं. तो खोबणीत फिरत नाही, म्हणूनच घुबड सारखी मान फिरवतं. हे कडं शाबूत काढायला सवय लागते.

पक्ष्याच्या पोटात पाहिल्याशिवाय नर की मादी हे खात्रीनं लिहीत नाही. बार्ड आउलमध्ये पिसांवरून ते कळतच नाही. वृषण किंवा अंडाशय, त्यांची लांबी-रुंदी, चरबी किती, पोटात काय होतं, पिसं गळत होती का, सगळं चिठ्ठीवर आणि वहीत. कोवळ्या पक्ष्यात गुदद्वाराजवळ एक छोटी पिशवी असते, मोठेपणी ती आटते, तीही पाहायची. मग कातडं सुलटं करून आत काडी आणि कापूस, शिवण, पिसं बसवणं, टाचण्या लावून वाळवणं. हल्ली बरेच जण एक पंख वेगळा काढून पसरून वाळवतात, कारण बंद पंखाची आतली पिसं नंतर पाहता येत नाहीत. उरलेला सांगाडा डर्मेस्टिड भुंग्यांच्या खोलीत जातो. त्यांच्या अळ्या मांस खाऊन हाड चकचकीत करतात. तेच भुंगे चुकून ड्रॉवरच्या खोलीत शिरले तर संग्रहाचा भुगा होईल, म्हणून ती खोली दूर असते आणि तिथून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू आधी फ्रीझरमध्ये जाते. जुन्या कातड्यांना हातमोजे घालूनच हात लावायचा. किडीपासून वाचवायला तेव्हा सर्रास आर्सेनिक चोळत.

इतकी का, याचं माझं आवडतं उत्तर अंधाऱ्या खोलीत मिळतं. बार्ड आउलचा पसरलेला पंख उलटा धरायचा आणि त्यावर अल्ट्राव्हायोलेट दिवा मारायचा. पिसांची खालची बाजू गुलाबी चमकते. घुबडांच्या पिसांत पोर्फिरिन नावाचं रंगद्रव्य असतं, ते नव्या पिसात भरपूर असतं आणि उजेडानं हळूहळू विरतं. मोठी घुबडं उडण्याची सगळी पिसं एकाच वर्षात बदलत नाहीत. त्यामुळे एकाच पंखात काही पिसं भडक गुलाबी, काही फिकी, काही जवळपास विझलेली दिसतात. पहिल्या वर्षाच्या पक्ष्याचा अख्खा पंख एकसारखा चमकतो, कारण सगळी पिसं एकाच वेळी उगवलेली. पण कुठल्या वयात कुठलं पीस बदलतं हे एका पंखावरून कसं समजणार? महिन्यामहिन्याचे, वेगवेगळ्या वयांचे, नर-मादी दोन्हींचे पंख एका टेबलावर मांडावे लागतात. तेव्हा नमुना दिसायला लागतो, आणि मग रानात जाळीत पकडलेल्या जिवंत घुबडाचं वय त्याला काहीही इजा न करता सांगता येतं. हॉलमध्ये काचेमागं वर्षानुवर्षं दिव्याखाली उभ्या केलेल्या घुबडात यातलं काही उरत नाही. म्हणून आमचे ड्रॉवर अंधारात.

संकराचा प्रश्नही असाच. बार्ड आणि स्पॉटेड आउलची जोडी जमते, पिल्लं होतात, अमेरिकेत त्यांना गमतीनं ‘स्पार्ड आउल’ म्हणतात. पहिल्या पिढीचा संकर सरावलेल्या डोळ्याला ओळखू येतो, पण त्याची पुढं बार्ड आउलशी जोडी जमली की पुढच्या पिढ्या पिसांवरून ओळखणं बेभरवशाचं. तिथं डीएनए लागतो, आणि डीएनएसोबत ताडून पाहायला तोच पक्षी कातड्याच्या रूपात समोर असावा लागतो. स्पॉटेड आउलचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा आराखडा, २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यातही तुलनेला बार्ड आउल होतंच.

एक नमुना पुरत नाही याचा सगळ्यात बोलका दाखला मात्र अमेरिकेतला नाही, आपल्या खानदेशातला आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड १८७२ साली ब्लेविट यांना छत्तीसगडच्या बाजूला मिळालं, १८७३ साली पक्षीतज्ज्ञ ह्यूमनं त्याला नाव दिलं. १८८४ पर्यंत जगातल्या म्युझियममध्ये मिळून जेमतेम सात नमुने, त्यांतले बरेच खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं गोळा केलेले. त्यानंतर पक्षी गायब. फक्त कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात एक कातडं, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतलं तापीकाठचं मांडवी. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक तापीच्या खालच्या अंगाला शोधत राहिले. १९९०च्या दशकात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ते कातडं बारकाईनं तपासलं, एक्स-रे काढले. वरून नव्यानं भरलेल्या त्या पक्ष्याच्या आत डेव्हिडसनच्या हातची जुनी पद्धत दिसली. म्हणजे दुसऱ्याचा नमुना चोरून, उकलून, परत भरून त्यावर खोटी चिठ्ठी बांधली होती. हे पकडता आलं कारण डेव्हिडसननं भरलेले इतर पक्षी तुलनेला शिल्लक होते. मग खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. पुढं मेळघाट, यावल, तानसा इथंही त्याची नोंद झाली.

चिठ्ठी खोटी असेल तर पक्षी नसल्यापेक्षा वाईट. चिठ्ठीच नसेल तर तो पक्षी आम्ही शाळेच्या मुलांना दाखवायला देतो, संग्रहात ठेवत नाही.

पुढं कुठला प्रश्न उभा राहील हे गोळा करणाऱ्याला कधीच माहीत नसतं. ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी बहिरी ससाण्याची अंडी जमवली त्यांना डीडीटी हे कीटकनाशक ठाऊक नव्हतं, पण अंड्यांचं कवच पातळ झाल्याचं १९६७ साली सिद्ध झालं ते त्या जुन्या अंड्यांशी तुलना करून. अमेरिकेच्या कारखानदारी पट्ट्यातल्या १,३०० हून जास्त जुन्या पक्ष्यांच्या पोटावरची काजळी मोजून हवेतला धूर १३५ वर्षांत कसा बदलला ते २०१७ साली मांडलं गेलं. त्या पक्ष्यांना ज्यांनी चिठ्ठ्या बांधल्या त्यांच्या डोक्यात काजळी नव्हती.

आता ‘मारून आणलेली’ या मुद्द्याकडे. माझं मत विचाराल तर, बार्ड आउल मारावीत की नाही हा प्रश्न म्युझियमनं सोडवायचा नाही आणि म्युझियमच्या गरजेपोटी एकही जास्त मारलं जाऊ नये. ड्रॉवर भरायला म्हणून कुणी आणतो म्हणालं तर मी नको म्हणेन. पण सरकारनं ठरवून मारलेला पक्षी नोंद न करता पुरून टाकणं मला त्याहून खटकतं. तीस वर्षांची एवढी मोठी योजना आहे, तिच्यातल्या सगळ्या पक्ष्यांना जागा कुठल्याच म्युझियमकडे नाही. कपाटं नाहीत, हात नाहीत. एक घुबड नीट करायला अर्धा दिवस जातो. तेव्हा निदान विखुरलेल्या ठिकाणांचे, वेगवेगळ्या वर्षांचे थोडे पक्षी पूर्ण ठेवावेत आणि बाकीच्यांचा ऊतींचा तुकडा, एक पंख आणि नोंद. मला विचारलं तर मी एवढंच मागेन, आणि यातलंही पंख आधी मागेन.

शेवटी एक कामाची गोष्ट, कारण परदेशातले मराठी लोक मला हे हमखास विचारतात: अंगणात किंवा रस्त्यावर मेलेलं घुबड दिसलं तर काय करायचं? अमेरिकेत असाल तर उचलू नका, पीसही घेऊ नका. फोटो काढा, जागा फोनच्या नकाशावर नोंदवून ठेवा, आणि जवळच्या विद्यापीठाच्या किंवा म्युझियमच्या पक्षी-संग्रहाला फोन करा. ते परवान्यावर उचलतील किंवा काय करायचं ते सांगतील. भारतात असाल तर १९७२च्या वन्यजीव कायद्यानं घुबडं संरक्षित आहेत, मेलेलं घुबड किंवा त्याचे अवयव बाळगणंही गुन्हा. वन विभागाला कळवा. दिवाळीच्या सुमारास तर नक्की कळवा, कारण त्या दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी विक्री वाढते आणि नखं किंवा पाय नसलेलं घुबड सापडलं तर तो अपघात नसण्याचीच शक्यता जास्त. तारीख, वेळ आणि नेमकी जागा तेवढी कागदावर लिहून द्या.